दिवस गेलेत का, हे कुठं विचारायचं?

रस्त्यात कुणी नमस्कार केला की माझी पंचाईत होते. चेहरा ओळखीचा वाटतो, नाव काही केल्या आठवत नाही. समोरचा माणूस हसला, दात दिसले, की मग डोक्यात उजेड पडतो: अगं बाई, हा तर खालची डावी दाढ आडवी असलेला! आमचे हे म्हणतात, तुझ्यासोबत बाजारात जायची सोय नाही, तू माणसाशी बोलताना त्याच्या तोंडात बघतेस. खोटं नाही ते. दातांचे एक्स-रे काढण्यात माझा जन्म गेला. आमच्याकडं एक्स-रे कुणी म्हणत नाही, सगळे फोटोच म्हणतात, म्हणून मीही फोटोच म्हणते. गुलमंडीच्या मागच्या अंगाला आमचं सेंटर. वरच्या मजल्यावर जबड्याचे सर्जन डॉक्टर जाधव. आजूबाजूच्या गावांतले दाताचे डॉक्टर चिठ्ठी देऊन पेशंट आमच्याकडं पाठवतात. आता मी फक्त सकाळची जाते. गुडघे कुरकुर करतात, आणि त्यांच्याहून जास्त मुलगा करतो.

फोटो लागतो कशाला, हे मला इतक्यांदा विचारलं गेलंय की झोपेतही सांगेन. डोळ्याला दिसतो तो दाताचा वरचा भाग. भानगड असते खाली, मुळाशी, हाडात. वरून दात पांढराशुभ्र असतो आणि मुळाशी पू साठलेला असतो. एक कापडवाले शेटजी माझ्यावर लई चिडले होते. "दाढ माझी, दुखणं माझं, मी बोट ठेवून दाखवतोय, तुम्हाला फोटो कशाला पाहिजे?" फोटोत त्यांनी बोट ठेवलेली दाढ ठणठणीत निघाली. दुखणं वरच्या दाढेचं होतं आणि कळ खाली मारत होती. त्यांची चांगली दाढ वाचली म्हणून त्यांनी आभार मानले असतील असं वाटत असेल, तर तुम्ही शेटजींना ओळखत नाही. "म्हणजे आता वरची पण दाखवायची का?" एवढंच म्हणाले.

दुसरा प्रश्न हटकून येतो, आणि विचारताना माणसं माझी चोरी पकडल्यासारखं बघतात. "एवढं सुरक्षित आहे तर तुम्ही काचेमागं काहून पळता?" मी म्हणते, बाबा, तू वर्षातून एकदा येतोस, मी दिवसभर इथंच असते. उन्हातून एकदा चालत गेलं तर काही होत नाही, दिवसभर उन्हात राबणाऱ्यानं डोक्यावर रुमाल बांधावा. किरण तर माती-दगडातून, आभाळातून आपल्या अंगावर रोजच येत असतात. दातांच्या एका फोटोत मिळतात ते तसल्या काही दिवसांच्या हिशेबातले. म्हणून कुणी उगाच फोटो काढावेत असं नाही. एक गृहस्थ बायकापोरांना घेऊन आले, म्हणे, आलोच आहोत तर सगळ्यांचे काढून टाका, घरात असलेले बरे. त्यांना मी चहा पाजून परत पाठवलं. कारण असल्याशिवाय बटण दाबायचं नाही, आणि कारण असलं तर घाबरायचं नाही, एवढंच आमचं शास्त्र.

आणि एक नियम. बटण दाबताना खोलीत पेशंटशिवाय कुणी नको. सासू नको, नवरा नको, देवासारखा धावून आलेला शेजारी तर अजिबात नको. हा नियम किरणांसाठी केलेला आहे. पण मला फार लवकर कळलं, की आमच्याकडच्या कितीतरी बाया दवाखान्यात आल्यावर फक्त याच खोलीत एकट्या असतात. डॉक्टरांसमोर त्यांच्या वतीनं दुसरंच कुणीतरी बोलतं. कुठं दुखतंय तेही नवराच सांगतो. माझं दार बंद झालं की त्या स्वतः बोलतात. म्हणून वयात आलेल्या, लग्न झालेल्या प्रत्येक बाईला "दिवस गेलेत का?" हे मी दार लावल्यावरच विचारते, काउंटरवर कधीच नाही.

वैशाली आली ती सकाळची वेळ होती. बरोबर नवरा आणि सासू. नवरा वाळूजला कंपनीत कामाला, बजाजनगरात खोली करून राहणारा. सासू कौसाबाई, खुलताबादकडच्या खेड्यातली, थोडे दिवस मुलाकडं आलेली. पोरीच्या जबड्याखाली उजवीकडं एवढी सूज होती की मान आणि गाल एक झाले होते. तोंड बोटभर उघडत नव्हतं. थुंकी गिळता येत नव्हती म्हणून तिनं तोंडाला रुमाल धरला होता. बजाजनगरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं: पूर्ण जबड्याचा फोटो, तातडीनं, आणि लगेच डॉक्टर जाधवांना दाखवणे.

मी रुमालाकडं बघितलं आणि हातातल्या बाकीच्या चिठ्ठ्या बाजूला ठेवल्या. दातदुखीनं माणूस मरत नाही असं आपण म्हणतो. पण हे खरं नाही. खालच्या दाढेचा पू जिभेखाली उतरला की जीभ वर उचलली जाते, मग घसा दाबला जातो, मग श्वास. माणूस बोलता बोलता तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा बोलायला लागला की समजावं, आता वेळ थोडा आहे. वैशालीचा आवाज तसा झाला होता.

"फोटो नको," कौसाबाई काउंटरवर म्हणाली. "गोळ्या द्या. सुई द्या. फोटो नको."

"आजी, कुठली दाढ आहे ते बघितल्याशिवाय सुई कुठं मारणार?"

"आमच्या टायमाला बिनफोटोच्याच दाढा काढायचे. मेलं का कुणी?"

मेलेले सांगायला येत नाहीत, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी गिळलं. रोज अशी एक तरी म्हातारी येतेच, असं समजून मी तिच्याकडं दुर्लक्ष केलं आणि नवऱ्याला म्हटलं, "हिला आत पाठवा." तो आईकडं बघायला लागला. मग बायकोकडं, मग फरशीकडं. शेवटी मीच दंड धरून तिला आत नेलं आणि दार लावलं.

"मंगळसूत्र, कानातले, केसातल्या पिना काढ. धातू मध्ये आला की फोटोवर डाग पडतो." तिनं निमूटपणे काढलं. मंगळसूत्र काढताना बाया कुरकुर करतात, तिनं केली नाही. मी नेहमीचा प्रश्न विचारला. "दिवस गेलेत का? पाळी चुकलीय?"

तिनं मान हलवली. नाही.

मी शिशाचं जाकीट तिच्या अंगावर चढवलं. हल्ली शास्त्र म्हणतं, दाताच्या फोटोला या जाकिटाची तशी गरज नाही, किरण जबड्यापुरतेच असतात. पण मी घालते. त्याच्या वजनानं माणसाला धीर येतो. बहुतेक बाया ते छातीवर नीट बसवतात. वैशालीनं ते दोन्ही हातांनी खाली ओढलं.

"हे खालपर्यंत पुरंल का?" त्या जड आवाजात तिनं विचारलं.

मी थांबले. तिच्या समोर जाऊन उभी राहिले. "कितवा?"

ती रडायला लागली. रडता येत नव्हतं, जबडा हलत नव्हता, नुसतं पाणी वाहत होतं. अडखळत जे सांगितलं ते असं, की तिसरा महिना लागलाय. याआधी दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. दोन्ही वेळा महिना-दीड महिन्यातच गावभर झालं, ओळखीपाळखीच्या घरांत पेढे गेले, आणि मग रिकामी कूस घेऊन ती त्याच बायांमधून पाणी भरायला गेली. या वेळी तिनं नवऱ्याला शपथ घातली होती: चौथा लागेपर्यंत कुणाला बोलायचं नाही, आईला तर नाहीच. दाढ सुजली तेव्हा डॉक्टरांनी आधी दिलेल्या गोळ्या तिनं मोरीत टाकल्या. बाळाला बाधतील म्हणून. ताप अंगावर काढला.

"मॅडम, फोटो नको. तुम्ही बाहेर सांगा काढला म्हणून."

मला राग आला. पोरीचा नाही, सगळ्याचाच. पण रागवायला वेळ नव्हता. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सरळ सांगितलं. "ऐक. किरण इथून जातात," मी माझ्या गालावर बोट ठेवलं, "आणि पलीकडून निघतात. पोटाकडं जायचं त्यांना काही कारण नाही. जे काही चुकून पोचंल ते इतकं थोडं की मोजायला अवघड. तुझ्या बाळाला फोटोचं भय नाही. भय आहे ते या तापाचं आणि या पुवाचं. तू श्वास घेतलास तर ते घेणार. तुझाच श्वास अडला तर मी कुणाचं भलं केलं?"

"शपथ घ्या. एकदाच काढणार."

"एकदाच."

"अन् कुणाला सांगणार नाय. डॉक्टरला बी नाय."

इथं मी फसले. डॉक्टरांना सांगावंच लागणार होतं, कारण गरोदर बाईला सगळी औषधं चालत नाहीत. हे तिला तेव्हाच सांगितलं असतं तर ती उठून गेली असती. तिचा हात आधीच जाकिटाच्या पट्ट्यावर होता. मी "आधी फोटो" म्हटलं. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. तिनं ते हो समजून घेतलं आणि मी समजू दिलं.

हा मोठा फोटो उभ्यानं काढतात. हनुवटी एका ठोकळ्यावर टेकवायची, समोरच्या दांड्यांना हातानं धरायचं, आणि यंत्र डोक्याभोवती हळूहळू फिरतं. तेवढा वेळ हलायचं नाही, गिळायचं नाही. हललं की फोटो पुसट, आणि मग दुसरा. दुसरा काढला तरी काही बिघडलं नसतं, हे मला ठाऊक होतं. पण मी तिला एकदाच म्हटलं होतं, आणि दुसऱ्यांदा ती उभी राहिली नसती. थुंकी गिळता न येणाऱ्या, हुंदके देणाऱ्या पोरीला दगडासारखं उभं करायचं होतं. मी तिचं तोंड पुसलं, हनुवटी टेकवली, पाठीवर हात ठेवला. "नाकानं श्वास घे. देवाचं नाव घे, नाहीतर मला शिव्या दे, पण मनात."

मी काचेमागं गेले, बटण दाबलं. यंत्र फिरायला लागलं. ते तिच्या उजव्या कानापाशी आलं असेल नसेल, तेवढ्यात दारावर धाडधाड सुरू झाली.

"उघडा! काढू नका म्हटलं ना! वैशे, बाहेर ये!"

बाहेरून काउंटरवरच्या नसरीनचा आवाज आला, "अम्मा, रुको ना, हाथ जोडती मैं." मग पुन्हा दोन थापा. बटणावरचं बोट काढलं की यंत्र जागच्या जागी थांबतं. काढावं का? काचेतून मी फक्त वैशालीच्या हाताकडं बघत होते. दांड्यांवर तिची बोटं पांढरी पडली होती. खांदा एकदा उचलल्यासारखा झाला. ती हलली नाही. सासूच्या प्रत्येक थापेला तिच्या डोळ्याची पापणी लवायची, पण हनुवटी तसूभर सरकली नाही. यंत्र फिरून थांबलं. पडद्यावर फोटो उमटला, स्वच्छ.

बजाजनगरच्या डॉक्टरांना वाटत होतं टोपी बसवलेल्या दाढेचं दुखणं असेल. त्या दाढेचा काही दोष नव्हता. तिच्या मागं, हिरडीच्या आत, अक्कलदाढ आडवी पडली होती, डोळ्याला कधीच दिसली नसती अशी, आणि तिच्याभोवती हाड पोखरून काळं वर्तुळ झालं होतं. फोटो वर पाठवला आणि मीच वैशालीला धरून जिना चढले. नवरा आणि कौसाबाई मागून.

डॉक्टर जाधवांनी पडद्याकडं बघितलं, मग चमच्याच्या दांड्यानं तिची जीभ दाबायचा प्रयत्न केला. दाबली गेली नाही. ते फार बोलत नाहीत. "ॲम्ब्युलन्स बोलवा. मानेखाली छेद देऊन पू काढावा लागेल, आजच, आत्ता. मी मोठ्या दवाखान्यात सोबत येतो." मग पेन उचलून तिघांकडं वळले. "पहिलं इंजेक्शन इथंच देतो. कसली औषधं चालू आहेत? शुगर, बीपी? दिवस गेलेत का?"



वैशालीनं माझ्याकडं बघितलं. असं बघणं मी विसरणार नाही. नवरा फरशी बघत होता, त्याचा जबडा हलत होता पण आवाज फुटत नव्हता. शपथ. मला राहवेना. एवढा मोठा गडी, बायको समोर गुदमरायलीय, आणि हा शपथ पाळतोय! डॉक्टरांनी कागदावर पेन टेकवलं. मी तोंड उघडलं. तिचा विश्वास गेला तर जाऊ दे, पोरगी मला जन्मभर शिव्या देईल, देऊ दे, असं मनात म्हटलं.

"व्हय," कौसाबाई म्हणाली. "तिसरा लागलाय."

वैशालीनं रुमाल तोंडावरून खाली घेतला. "तुमाला... कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला लागतंय? फोडणी घातली की उठून मोरीत जायलीस. मला डोळे नायत?"

नवरा म्हणाला, "मग आई, तू बोललीस काहून नाय?"

"तुम्ही काहून नाय बोलला?" म्हातारी त्याच्यावर उलटली, आणि मग तिचा आवाज एकदम खाली आला. "मागच्या दोन्ही टायमाला मीच गावभर सांगितलं होतं. पेढे मीच वाटले. माझीच जीभ लागली पोरीला. या टायमाला मी म्हटलं, मला काही ठाऊकच नाय. नुसतं फोटो नको, फोटो नको म्हणत बसले. दुसरं काय करणार होते?"

एका खोलीत राहणारी तीन माणसं. तिघांनाही ठाऊक होतं, पण नवराबायको म्हातारीपासून लपवत होते आणि म्हातारी त्यांच्यापासून. आणि तिकडं पू मानेत उतरत होता. मला इतका संताप आला की मी बोलले, डॉक्टरांसमोर, पेशंटच्या घरच्यांवर, जे माझ्या नोकरीत बसत नाही. "बाळाला जपायचं म्हणून पोरीला मारायला निघाला होता तुम्ही सगळे," असं काहीतरी. कौसाबाई माझ्यावर ओरडेल असं वाटलं. ती बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. मग मला माझीच लाज वाटली.

डॉक्टरांनी हातातला कागद फाडून दुसरा घेतला, चालणारं औषध लिहिलं, आणि जिना उतरता उतरता बायांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्याच दिवशी छेद दिला. पू निघाला. दोन-तीन दिवस नळीवर गेले, ताप उतरला.

माझं दुखणं तिथून सुरू झालं. मला शास्त्र ठाऊक आहे. फोटोनं त्या बाळाला काही होणार नव्हतं. पण दोनदा जे झालं ते तिसऱ्यांदा आपलं आपण झालं असतं, तर? तर वैशालीच्या गावात कुणी पू आठवला नसता, ताप आठवला नसता. फोटो आठवला असता. मग त्या पंचक्रोशीतल्या किती बाया दाढ सुजली तरी फोटोला नाही म्हणाल्या असत्या, कुणास ठाऊक. काउंटरवर फोन वाजला की मी नसरीनच्या तोंडाकडं बघायचे. माझ्या दोन बाळंतपणांची मी एवढी काळजी केली नव्हती. फोन आला तो नवऱ्याचा, आणि बोलायच्या आधी तो इतका वेळ नुसता "मॅडम, मॅडम" करत राहिला की मीच ओरडले, बोल ना बाबा. मुलगी झाली होती. दोघी ठीक. मी फोन नसरीनच्या हातात दिला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं, पेशंट नसताना.

त्यानंतर बराच काळ गेला. एक दिवस आमचा हॉल खच्चून भरला होता. गावाकडची माणसं, दोन कॉलेजची पोरं, एक मौलवी, कापड गल्लीतले दोघं-तिघं. दारातून कौसाबाई आत आली. सोबत कोवळी, हिरवा चुडा भरलेली पोरगी, गालाला हात लावलेली. धाकट्या मुलाची बायको. नसरीननं नाव विचारलं, चिठ्ठी मागितली. कौसाबाईनं चिठ्ठी दिली नाही. ती काउंटरपाशी उभी राहिली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"हिला दुसरा महिना हाय. दाढेचा फोटो काढायचाय. आधी लिहून घ्या."

पोरगी पदरात तोंड घालून मागं सरकली. कॉलेजची पोरं मोबाईलमध्ये बघायला लागली. मी खोलीतून बाहेर आले होते, कौसाबाईनं मला बघितलं. "डॉक्टरला बी सांगा," ती म्हणाली. "चालतील त्याच गोळ्या द्या म्हणावं."

आवाज खणखणीत होता. पोरीला आत न्यायचं म्हणून मी पुढं होऊन तिला कौसाबाईच्या हातातून सोडवायला गेले, तेव्हा कळलं, म्हातारीनं तिचं मनगट घट्ट धरलं होतं आणि काही केल्या ती ते सोडत नव्हती. आपल्या जिभेनं पोरीचं वाईट होतं, हे तिच्या मनातून अजून गेलं नव्हतं.